पंधरा मिनिटांत पॅरिसहून लंडन

माझ्या मोठ्या भावाची, म्हणजे दादाची, नात लंडनला नोकरी करते. मध्यंतरी ती चार दिवस पॅरिसला फिरायला गेली होती. तिथून परतताना तिने घरच्यांना आपल्या तिकिटाचा फोटो पाठवला. आमच्या सहावीतल्या नातवाने तो बारकाईने वाचला आणि धावत माझ्याकडे आला.

"आबा, हे विमान पॅरिसहून साडेदहाला निघते आणि लंडनला पावणेअकराला पोहोचते. पंधरा मिनिटांत! आपल्याला तर आमगावला जायलाही याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो."

मास्तरकी सोडून बरीच वर्षं झाली, पण असा प्रश्न आला की हात आपोआप खडू शोधतो. मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, दोन्ही वेळा बरोबर आहेत आणि तुझी वजाबाकीही बरोबर आहे. तरी उत्तर चूक आहे. कारण या दोन वेळा दोन वेगवेगळ्या घड्याळांतल्या आहेत. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. म्हणजे प्रवास सव्वा तासाचा.

त्याचं समाधान झालं आणि तो खेळायला पळाला. माझं मात्र झालं नाही. अंतर म्हणजे काय, वेळ म्हणजे काय, आणि एखाद्या ठिकाणी 'पोहोचायला इतका वेळ लागतो' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय मोजतो, हा विचार डोक्यात सुरू झाला तो आजवर थांबला नाही. त्याला कारणही तसंच आहे. ते शेवटी सांगतो.

आधी त्या घड्याळाचं बघू. पॅरिस आणि लंडन ही शहरं सरळ रेषेत साधारण ३४४ किलोमीटरवर आहेत. रेखांशाचा फरक फक्त अडीच अंशांचा. एका अंशाला चार मिनिटं या शाळेतल्या हिशोबाने दोन्हीकडच्या सूर्यात दहाच मिनिटांचा फरक पडतो. मग घड्याळात तासाचा फरक कुठून आला? १९११ साली फ्रान्सने ग्रीनिचची वेळ स्वीकारली होती, म्हणजे दोन्ही शहरांची घड्याळं जुळलेली होती. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि त्यांनी बर्लिनची वेळ तिथे लागू केली. युद्ध संपलं, जर्मन गेले, पण ती वेळ तिथेच राहिली. आमच्या नातवाची वजाबाकी चुकली ती हिटलरच्या फौजांमुळे, असं म्हटलं तरी चालेल.

आता आपल्याकडे या. मुंबई साधारण ७३ रेखांशावर आणि आमचं सालेकसा साडेऐंशीच्या आसपास. फरक साडेसात अंशांचा, म्हणजे पॅरिस-लंडनच्या तिप्पट. मुंबईत दिवस उगवायच्या अर्धा तास आधी आमच्याकडे सूर्य वर येतो. तरी घड्याळ एकच. पण हेही नेहमी तसं नव्हतं बरं का. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी, आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक प्रमाणवेळ आली. मुंबईकरांना ती पचली नाही, कारण त्यांचं घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे न्यावं लागणार होतं. गिरणी कामगार त्यावरून रस्त्यावर उतरले होते. भल्या पहाटे भोंगा वाजणाऱ्या माणसाला ३९ मिनिटांची झोप म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. मुंबईची ही जुनी वेळ काही ठिकाणी थेट १९५५ पर्यंत टिकली. म्हणजे माझ्या जन्मानंतरसुद्धा मुंबईत दोन-दोन वेळा नांदत होत्या.

वेळेचं झालं. आता अंतराचं.

शाळेत मी भूगोल शिकवायचो तेव्हा पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवायचो. भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसणारी रेघ खरी जवळची नसते, गोलावर ताणलेला दोरा हाच सर्वांत जवळचा रस्ता, आणि विमानं शक्यतो त्या दोऱ्याच्या आसपास उडतात, हे पोरांना तेव्हा लगेच पटायचं. मुंबई ते नागपूर हा दोरा साधारण ६८५ किलोमीटरचा भरतो. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर आहे. कारण रेल्वेला आधी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी गाठायची असते, मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी गावं घेत यायचं असतं. समृद्धी महामार्गाने हेच अंतर ७०१ किलोमीटरचं झालं. त्याचा पहिला, नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा, ५ जून २०२५ ला. गाडीने आठ तासांत नागपूर-मुंबई, असं त्याबद्दल सांगतात.

म्हणजे नागपूर आणि मुंबई यांच्यामध्ये अंतरं तीन. आणि दोन्ही शहरं जागची हललेली नाहीत.

पण हे अंतर मोजलं कुणी? आमच्या विदर्भाचा या मोजणीशी जवळचा संबंध आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ साखळीने जमिनीवर एक पायारेषा मोजली. तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो सगळा हिंदुस्थान मोजायला निघाला. कोन मोजायचं त्याचं यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचं होतं. ते डोंगरांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचं, दूरची खूण पाहायची, कोन घ्यायचा आणि पुढे सरकायचं. वीस वर्षं हे काम करत करत तो उत्तरेकडे आला आणि २० जानेवारी १८२३ ला आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं आणि ते हिमालयापर्यंत गेलं. नागपुरातला झिरो माइलचा स्तंभ आणि ते चार घोडे आपण पाहिलेच असतील. लोक त्याला देशाचा मध्यबिंदू म्हणतात. मुळात त्या जागी १९०७ सालचा सर्वेक्षण खात्याचा, उंचीच्या मोजणीसाठीचा प्रमाण दगड आहे. स्तंभाच्या तळाशी गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत: जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. नागपूरला शिकत असताना मी ती उभा राहून वाचायचो. त्यात सालेकसा नव्हतं, हे सांगायला नकोच.

रेल्वे येण्याआधी आमच्या भागात अंतर मैलांतही सांगत नसत. कोस सांगत, किंवा मुक्काम सांगत. 'दोन मुक्कामांवर आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला बरोबर समजायचं. बैलबंडी दिवसाला सात-आठ कोस चालली तर चांगली चालली. एक कोस साधारण तीन किलोमीटर धरला, तर इथून मुंबई म्हणजे किमान चाळीस-पंचेचाळीस मुक्काम. तेही मधे पाऊस लागला नाही, नदीला पूर आला नाही आणि बैल आजारी पडला नाही तर. एवढ्या लांब धान विकायला कोण जाणार? मुंबई आमच्यासाठी नव्हतीच.

१६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी धावली, हे सगळ्यांना पाठ असतं. तीच रेल्वे घाट चढून, खानदेश-वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला आली. मुंबई-नागपूर अंतर तेव्हा आठवड्यांचं होतं ते दिवसांवर आलं. पण रूळ नागपूरला येऊन थांबले. पुढे छत्तीसगडचा धानाचा मुलूख तसाच बैलबंडीवर राहिला. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि सरकारला जाग आली. एका मुलखात धान्य आहे आणि दुसऱ्या मुलखात माणसं मरत आहेत, कारण मधे वाहतूक नाही. मग नागपूर-छत्तीसगड रेल्वेचं काम निघालं. नागपूर ते राजनांदगाव, १४९ मैल, मीटरगेज. १८८० च्या सुमारास ती गाडी भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, आमगाव या बाजूने आमच्या जंगलात शिरली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ही लाइन विकत घेतली आणि ब्रॉडगेज केली. पुढे हीच लाइन कलकत्त्याला जाऊन मिळाली आणि मुंबई-हावडा हा नागपूरवरून जाणारा १९६८ किलोमीटरचा जवळचा रस्ता तयार झाला. त्याआधी मुंबईहून कलकत्त्याला जबलपूर-अलाहाबादवरून जावं लागे.

त्या १९६८ किलोमीटरमधलं एक छोटं ठाणं म्हणजे आमचं सालेकसा. गोंदियाहून निघालं की गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. पुढे डोंगर, बोगदा, आणि पलीकडे बोरतलाव, डोंगरगड. बोगद्यात गाडी शिरली की पोरं अजूनही ओरडतात, आम्हीही ओरडायचो. मुंबईपासून इथवर हजार किलोमीटर धरायला हरकत नाही. ८३७ नागपूरपर्यंत, १३० गोंदियापर्यंत, आणि उरलेले चाळीसेक आमचे. या उरलेल्या चाळीसांकडे लक्ष ठेवा. सगळी गंमत, आणि सगळं दुःखही, त्यातच आहे.

आता विमानाकडे वळतो. लंडन-पॅरिस या दोन शहरांमधलाच किस्सा आहे. २५ ऑगस्ट १९१९ ला लंडनजवळच्या हाउन्स्लो इथून पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर एक विमान गेलं. दोन देशांमधली रोजची नियमित विमानसेवा जगात तिथून सुरू झाली असं मानतात. प्रवासी होता एक. सोबत वर्तमानपत्रं, थोडं चामडं, दुधाची घट्ट साय आणि शिकारीचे पक्षी. वेळ लागला अडीच तास. आज शंभरहून अधिक वर्षांनी तोच प्रवास सव्वा तासाचा आहे. विमानाचा वेग चौपट-पाचपट वाढला, आणि वेळ मात्र फक्त निम्मा झाला. असं का?

कारण विमान सव्वा तास उडत नसतं. तिकिटावरची वेळ मोजतात ती विमान आपल्या थांब्यावरून हललं तिथपासून, दुसरीकडच्या थांब्यावर टेकलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं आलं, रांगेत उभं राहणं आलं, वर चढणं, खाली उतरणं, गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालणं आलं. नागपूर-मुंबईचंही तसंच. ताशी आठशे किलोमीटरने ६८५ किलोमीटर जायला तास पुरत असेल, पण वेळापत्रक म्हणतं दीड तास. आणि हे झालं फक्त विमानतळ ते विमानतळ. घरून विमानतळावर जाणं, दोन तास आधी पोहोचणं, तपासण्या, सामानाची वाट पाहणं हे त्यात कुठेच नाही. म्हणून तर १९९४ साली समुद्राखालून बोगदा झाल्यावर लंडन-पॅरिसचे पुष्कळ लोक रेल्वेने जाऊ लागले. गाडीला सव्वादोन तास लागतात, विमानाला सव्वा. तरी गाडीच आधी पोहोचवते, कारण ती शहराच्या पोटातून निघते आणि शहराच्या पोटात सोडते.

आमच्या नागपूरनेही या बाबतीत एक मोठी गोष्ट करून दाखवली होती. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमान बदलायचे, आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. देशाच्या मध्यावर असण्याचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या शहराने केला असेल असं मला वाटत नाही. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. योगायोग असा की अमेरिकेतल्या फेडरल एक्स्प्रेस कंपनीने हीच युक्ती, म्हणजे रात्री सगळी विमानं एका मधल्या गावी आणायची आणि तिथे पार्सलं बदलायची, मेम्फिस शहरात १९७३ सालीच सुरू केली आणि जगभर नाव कमावलं.

मी १९६८ ते ७१ नागपूरला बी.ए. करत होतो. उन्हाळ्यात वसतिगृहाच्या गच्चीवर झोपायचो. मध्यरात्री विमानांचे आवाज एकामागून एक यायचे. कुणीतरी झोपेतच म्हणायचं, "मद्रास आलं." मला तेव्हा वाटायचं, आता जगात काहीच लांब राहिलं नाही.

ते किती खोटं होतं हे मला पुढच्याच वर्षी कळलं.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तो मुंबईला गिरणीत लागला होता. परळला आठ-दहा जणांच्या खोलीत राहायचा. मी बी.ए. होऊन गावाकडे शिक्षक झालो होतो. १९७२ च्या थंडीत बाबूजी आजारी पडले. एका शुक्रवारी रात्री त्यांची तब्येत एकदम ढासळली. शनिवारी पहाटे मी सायकल काढली, आमगाव गाठलं, तारघर उघडायची वाट पाहिली आणि दहा वाजता दादाला तार केली. तार मुंबईला पोहोचायला फार वेळ लागला नसेल. ती खोलीवर संध्याकाळी पोहोचली. पण दादा दुसऱ्या पाळीला होता. मध्यरात्रीनंतर तो खोलीवर आला तेव्हा कुणीतरी ती त्याच्या हातात दिली. गाड्या निघून गेलेल्या. रविवारी सकाळी त्याने ओळखीच्या लोकांकडून भाड्याचे पैसे गोळा केले आणि रात्री कलकत्ता मेलच्या जनरल डब्यात उभा राहिला. सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास गोंदिया. मेल सालेकसाला थांबत नाही. पॅसेंजरची वाट पाहून तो रात्री आठला घरी आला.

बाबूजी रविवारी सकाळी गेले होते. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. त्याहून जास्त थांबता येत नव्हतं.

रविवारी दिवसभर आई ओसरीवर स्टेशनच्या दिशेने तोंड करून बसली होती. गाडीची शिट्टी ऐकू आली की विचारायची, "मुंबईची होय का गा हे?" तिला मी काय सांगणार? दादा तेव्हा परळमध्ये पैसे गोळा करत होता, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मी पुढे कित्येक वर्षं हा हिशोब मनात मांडला. तार केली शनिवारी सकाळी दहाला, दादा दारात आला सोमवारी रात्री आठला. अठ्ठावन्न तास. त्यात रुळांवरून गाडी चालली ती बावीसेक तास. उरलेले छत्तीस तास दादा कुठेच प्रवास करत नव्हता. ते गेले सायकलवर, तारघराच्या पायरीवर, गिरणीच्या पाळीत, पैशांच्या शोधात आणि गोंदियाच्या फलाटावर. त्याच रात्री चार महानगरांची विमानं नागपूरवर येऊन थैल्या बदलून परत गेली असतील. आमच्या वरून गेली असतील कदाचित. वेळापत्रकात मुंबई-गोंदिया हा प्रवास एका रात्रीचा आणि अर्ध्या दिवसाचा होता. आमच्यासाठी तो एक जन्म राहून गेल्यासारखा झाला.

दादाने आम्हाला कधी दोष दिला नाही. आईने त्याला कधी विचारलं नाही. पण त्यानंतर तो घरातून बाहेर पडताना नेहमी विचारायचा, "पोहोचायला किती वेळ लागेल?" कितीही जवळ जायचं असलं तरी. १९८२ चा गिरणी संप झाल्यावर तो गावी परत आला आणि शेती करू लागला. त्याची मुलं शिकली, नातवंडं त्याहून पुढे गेली.

मधल्या काळात आमचं अंतर खूप बदललं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा भंडाऱ्याचे हेलपाटे संपले. एका कागदासाठी अख्खा दिवस जायचा तो अर्धा झाला. १५ जुलै २०१३ पासून तार सेवा बंद झाली. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही, घरच्यांना कारण सांगितलं नाही. गोंदियाजवळच्या बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी बांधली होती. ती पुष्कळ वर्षं पडून होती. पुढे तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि छोटी विमानं दिसू लागली. १३ मार्च २०२२ ला तिथून इंदूर आणि हैदराबादसाठी प्रवासी विमान उडालं. ती सेवा काही महिन्यांत बंद पडली, मग १ डिसेंबर २०२३ ला हैदराबाद-तिरुपतीसाठी दुसरी सुरू झाली. बंडीने जिथे पंचेचाळीस मुक्काम लागायचे त्या मुलखातून माणूस विमानाने तिरुपतीला जाऊ लागला, हे पाहायला आमची आई हवी होती.

२०२४ च्या डिसेंबरात दादा आजारी पडला. वय ब्याऐंशी. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या. तो सारखं एकच विचारत होता, नात कधी येते. त्या नातीला त्याने खांद्यावर बसवून हाजरा फॉलला नेलं होतं, कचारगडच्या यात्रेत फिरवलं होतं. गुरुवारी सकाळी सातला आम्ही तिला फोन केला. लंडनला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. इथे तार नव्हती, पाळी नव्हती, भाड्यासाठी हात पसरणं नव्हतं. तिने अंथरुणातच तिकीट काढलं.

तिचा हिशोबही मी मांडून ठेवला आहे. लंडनहून तिथल्या सकाळी साडेदहाला विमान, आपल्याकडचे दुपारचे चार. सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास. रात्री एकला मुंबई. पहाटेपर्यंत विमानतळावर बसून, सहाला नागपूरचं विमान. साडेसातला नागपूर. तिथून गाडीने चार तास, आणि शुक्रवारी दुपारी सव्वाबाराला ती दारात. एकूण सव्वाएकोणतीस तास. त्यात हवेत साडेदहा. साडेसात-आठ हजार किलोमीटरला साडेदहा तास, आणि नागपूर ते सालेकसा या शेवटच्या तुकड्याला एकटे चार. बाकीचे पंधराएक तास पुन्हा वाट पाहण्याचेच.

दादा जागा होता. तिने त्याचा हात हातात घेतला. त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आलीस का व माय? लवकर आलीस. मी त सोमवारी पोचलो होतो."

घरातल्या कुणाला काही समजलं नाही. सोमवार कोणता, म्हणून सुना एकमेकींकडे पाहू लागल्या. आजारपणात बडबडतात म्हणाल्या. मला समजलं. मी बाहेर ओसरीवर जाऊन बसलो.

दादा त्यानंतर तीन दिवस होता. नात त्याच्याजवळ होती.

तेव्हा नातवाच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला अर्धंच दिलं, असं आता वाटतं. पॅरिस ते लंडन सव्वा तास, नागपूर ते मुंबई दीड तास, हे सगळं खरं आहे. दीडशे वर्षांत इंजिनियरांनी, मोजणी करणाऱ्यांनी, रूळ टाकणाऱ्या मजुरांनी मधलं अंतर अक्षरशः पुसून टाकलं, त्यांचे उपकार मानायलाच हवेत. त्यांच्यामुळे आमची नात सात हजार किलोमीटरवरून वेळेवर आली. पण वेळापत्रक नेहमी मधलं अंतर सांगतं, दोन टोकं सांगत नाही. माणसाचा प्रवास सुरू होतो निरोप कानावर पडतो तेव्हा, आणि संपतो दारातल्या पायरीवर. आमच्यासारख्या गावांसाठी ती टोकं फार हळू जवळ येतात. गोंदियाला उतरून पुढचे चाळीस किलोमीटर कसे जायचे, हा प्रश्न १९७२ ला होता आणि रात्री-अपरात्री गाडी चुकली तर आजही तोच असतो.

म्हणून माझी एकच विनंती. गावाकडे कुणी आजारी आहे असा फोन आला, तर विमान किती तासांचं आहे ते पाहून ठरवू नका. टोकांचा हिशोब धरा आणि एक दिवस आधी निघा. उशीर झाला नाही तर काय बिघडलं? एक दिवस जास्त बोलता येईल.

असो. नातवाला परवा पुन्हा पृथ्वीगोल काढून दिला आहे आणि दोराही. म्हटलं, सालेकसापासून लंडनपर्यंत ताणून बघ. तो म्हणाला, "आबा, हे तर एक वीतसुद्धा नाही."